टाचेचा ब्लॉक

ज्यांचं ऋण मी सगळ्यांत आधी मोजते, ते गृहस्थ मी कधी पाहिले नाहीत. एमडी पॅथॉलॉजीसाठी मी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात रुजू झाले, त्याच्या बरंच आधी ते गेले होते. त्यांच्या टाचेवरच्या काळ्या गाठीचा मेणात बसवलेला एक तुकडा तेवढा आमच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात होता. लाकडी खणांतल्या असंख्य ब्लॉकांमध्ये त्याची जागा वेगळी होती आणि सगळे त्याला ‘टाचेचा ब्लॉक’ म्हणत. जुन्या रजिस्टरमध्ये नाव, वय, गाव, सगळं होतं. ते मी वाचलेलं आहे आणि इथे लिहिणार नाही. शेतकरी होते, एवढं सांगायला हरकत नसावी.

त्यांना मेलानोमा झाला होता. गोऱ्या कातडीच्या देशांत हा कर्करोग पाठीवर, पोटरीवर, उन्हानं भाजलेल्या जागी उगवतो. आपल्याकडे तो मुळात कमी, आणि झालाच तर अनेकदा टाचेला, तळव्याला किंवा नखाखाली होतो. काटा रुतला असेल, भेग काळवंडली असेल, असं म्हणून माणसं तो महिनोन्‌महिने अंगावर काढतात. रुग्णालयात पोचतात तेव्हा जांघेतल्या गाठी हाताला लागत असतात. या गृहस्थांचंही तसंच झालं असावं. रजिस्टरमधला रिपोर्ट चार ओळींचा होता, आणि त्यात गाठीची जाडी वाचूनच पुढचं कळत होतं.

हा तुकडा इतका जपायचा का, हे कळायला आमचं काम थोडं सांगायला हवं. पॅथॉलॉजिस्टचं रोजचं निदान दोन रंगांवर चालतं. हिमॅटॉक्सिलिननं पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं, इओसिननं बाकीचं गुलाबी. बहुतेक गाठी साध्या की कॅन्सरच्या हे तेवढ्यावर ठरतं. कातडीत मात्र काही जोड्या अशा आहेत की या दोन रंगांत त्या जवळजवळ सारख्या दिसतात. केसाच्या मुळापासून निघणारी ट्रायकोएपिथेलिओमा ही साधी गाठ आणि बेसल सेल कार्सिनोमा हा कॅन्सर, ही एक जोडी. डर्मॅटोफायब्रोमा आणि आत मुळं सोडत जाणारा डीएफएसपी, ही दुसरी. या दोन जोड्यांशी मी आयुष्यभर झगडले आहे, पण माझी झोप तिसरीनं उडवली. मुलांच्या अंगावर येणारा स्पिट्झ नीव्हस आणि मेलानोमा. पहिला काढला की विषय संपतो. दुसऱ्याचं नाव रिपोर्टवर आलं, तर सर्जन भोवतीची निरोगी कातडीही रुंद कापून काढतो, काखेतल्या किंवा मानेतल्या गाठी तपासतो, आणि घरातलं कुणी त्यानंतर वर्षानुवर्षं निश्चिंत झोपत नाही.

जिथे रंग हात टेकतात, तिथे अँटिबॉडी कामाला येतात. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती परक्या प्रथिनाला नेमकं ओळखते. तीच ओळख प्रयोगशाळेत काचेवर वापरायची. हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी गाठीच्या कापावर घालायची, तिच्यामागून रंग देणारं एन्झाइम जोडायचं, आणि प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. आम्ही याला आयएचसी म्हणतो आणि ज्या प्रथिनांचा शोध घ्यायचा त्यांना मार्कर. पण रंग उमटला नाही तर काय समजायचं? गाठीत ते प्रथिन नाही, की अँटिबॉडी खराब झाली, फ्रिज रात्री बंद पडला, उकळी कमी बसली? हे कळण्याचा एकच मार्ग असतो. ज्याच्यात ते प्रथिन नक्की आहे असा माहितीतला तुकडा प्रत्येक वेळी शेजारी लावायचा. तो रंगला तरच बाकीच्यावर विश्वास ठेवायचा. याला कंट्रोल म्हणतात. मेलानोमाच्या मार्करसाठी आमचा कंट्रोल म्हणजे टाचेचा ब्लॉक.

एका शेतकऱ्याच्या टाचेतली गाठ त्याच्या मृत्यूनंतर वर्षानुवर्षं अनोळखी माणसांच्या गाठींशेजारी काचेवर बसत होती, आणि आम्हाला सांगत होती की तपासणी खरी झाली आहे. त्या काळी याबद्दल त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

तो ब्लॉक मामांच्या ताब्यात असे. मामा म्हणजे आमचे वरिष्ठ टेक्निशियन. कोकणातले, बोलायला कमी, हात विलक्षण. मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचा काप घ्यायचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्शाचा. तो कोमट पाण्यावर सोडायचा आणि एकही सुरकुती न पडता काचेवर उचलायचा. ब्लॉक यंत्रात लावला की तो सुरीला समांतर बसेपर्यंत वरचा थर वाया जातो. मामा टाचेचा ब्लॉक लावताना श्वास रोखून बसत, आणि एकदा लागला की अनेक दिवसांच्या काचा एकाच बैठकीत काढून ठेवत, म्हणजे पुन्हा पुन्हा लावण्यात पेशी वाया जायला नकोत. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्यात प्रथिनं एकमेकांत जखडून बसतात आणि अँटिबॉडीला सापडत नाहीत. काचा उष्ण द्रावणात उकळल्या की ती पुन्हा मोकळी होतात, हे शान-राँग शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मायक्रोवेव्ह वापरून दाखवलं. आमच्याकडे त्यासाठी घरगुती प्रेशर कुकर होता. काचांचा स्टँड सायट्रेट बफरमध्ये बुडवून मामा झाकण लावत आणि घड्याळाकडे बघत उभे राहत. त्या वेळात कुणी त्यांना हाक मारायची नाही, हा विभागाचा नियम.

मामांचं एक वाक्य मी त्यांच्याकडून घेतलं आणि आजवर पाळलं. कंट्रोलचा ब्लॉक कापत कापत तळाशी आला की काही जण तो पुरता संपवतात. मी नवी असताना एकदा म्हटलं, अजून दोन-चार काचा निघतील की. मामांनी ब्लॉक यंत्रातून काढला आणि म्हणाले, “नाय डॉक्टर. शेवटचा थर आपला नाय. तो पेशंटचा. उद्या त्याच्या घरचं कुणी आलं नि म्हणालं, आमचा तुकडा द्या, दुसरीकडं दाखवायचा हाय, तर काय देशील?” ज्यांचं कुणी येण्याची शक्यता उरली नव्हती, त्यांच्यासाठीही तो थर राखला गेला.

आमच्या विभागप्रमुख मॅडमचं ऋण वेगळ्या प्रकारचं आहे. नव्या विद्यार्थ्याला त्या पहिल्या आठवड्यात एक जुना लेख वाचायला देत. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये ‘आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी’मध्ये लिहिलेला. माणसांच्या सवयींमधून होणारे भारतातले तीन कर्करोग त्यांनी त्यात मांडले होते. त्यांतला एक कमरेचा, घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचानं कातडी वर्षानुवर्षं घासून होणारा. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. त्यांनी सूक्ष्मदर्शकात जे पाहिलं, त्याचा अर्थ त्यांना रुग्ण धोतर कसं नेसतो यात सापडला, हे मॅडमना आम्हाला शिकवायचं होतं. “आधी फॉर्म वाच, मग स्लाइड लाव,” हे त्यांचं रोजचं सांगणं. वय, जागा, किती दिवसांपासून, काय काम करतो. हे न वाचता कुणी स्लाइडबद्दल बोलू लागलं की त्या चष्मा काढून ठेवत आणि तो पुन्हा फॉर्म वाचेपर्यंत थांबत.

सात वर्षांच्या मुलीचा तो फॉर्म मी म्हणूनच आधी वाचला. गालावर गुलाबी, वाटाण्याएवढी गाठ, काही महिन्यांत वाढलेली. बाहेरच्या रिपोर्टात मेलानोमाचा संशय, आणि पुढची मोठी शस्त्रक्रिया सुचवलेली. वडील ब्लॉक घेऊन स्वतः आले होते. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, नीट बघा. पोरीचं तोंड आहे.”

सूक्ष्मदर्शकाखाली मोठमोठ्या पेशी होत्या, ठळक केंद्रकांच्या, काही विभाजनाच्या अवस्थेत. फॉर्मवर चाळीस वर्षं वय असतं तर मी घाबरले असते. मॅडमनी कपाटातून सोफी स्पिट्झ यांचा लेख काढला. न्यू यॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी १९४८ मध्ये मुलांच्या अशा तेरा गाठींचं वर्णन केलं होतं. सूक्ष्मदर्शकात मेलानोमासारख्या, पण तेरांपैकी एकच मूल दगावलं होतं. दिसण्यावरून ज्यांना कॅन्सर म्हणावं, त्या गाठी वागायला बहुतेक साध्या निघतात, हे तिथून जगाला कळू लागलं. सोफी स्पिट्झ १९५६ मध्ये गेल्या, पन्नाशीही न गाठता. मी त्यांचाही उल्लेख ऋणांत करते, कारण त्या मुलीच्या गालावर सुरी फिरण्याआधी आम्ही थांबलो ते त्यांच्यामुळे.

थांबलो, पण नुसत्या संशयावर रिपोर्ट लिहिता येत नाही. मामांना काचा करायला सांगितल्या. एस-१०० लावलं, ते पुरतं रंगलं, आणि त्यानं एवढंच कळलं की या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी आहेत. साध्या गाठीतही त्याच असतात. खरी मदत दोन मार्करांनी केली. एचएमबी-४५ कातडीच्या वरच्या भागात गडद आणि खोल जाताना फिका होत होत नाहीसा झाला. पेशी खाली जाताना प्रौढ होत आहेत, शांत होत आहेत, याची ती खूण. मेलानोमात हा उतार बहुतेकदा बिघडलेला असतो, रंग कुठेही वेडावाकडा सापडतो. दुसरा केआय-६७, विभाजनाच्या फेऱ्यात असलेल्या पेशींवर उमटणारा. तो वरच्या भागात मोजक्या केंद्रकांत होता आणि तळाशी जवळजवळ नव्हता. केआय-६७ च्या शेजारी कंट्रोल म्हणून टॉन्सिलचा काप होता, कुठल्यातरी मुलाच्या गळ्यातून काढलेला. एचएमबी-४५ च्या शेजारी टाचेचा ब्लॉक होता, तपकिरी रंगानं भरून आलेला. गाठीच्या तळाशी रंग नसणं खरं आहे, अँटिबॉडीचा दोष नाही, हे त्या टाचेनं सांगितलं. खोलात रंग नाही याच गोष्टीवर तर आमचं निदान उभं होतं.

मॅडमनी सही केली. स्पिट्झ नीव्हस, कडा मोकळ्या, नियमित तपासणी पुरे. वडिलांना वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे साधी?” मॅडम म्हणाल्या, “साधी.” ते खाली वाकू लागले, मॅडमनी अडवलं. मुलगी मोठी झाली. तिच्या गालावर बारीक वण आहे, इतकंच.

त्याच आठवड्यात एचएमबी-४५ च्या डब्यातली घडीची पत्रिका मी पहिल्यांदा नीट वाचली. अँटिबॉडी कशी तयार केली, ते तिच्यात लिहिलेलं असतं. १९८६ मध्ये जाहीर झालेली ही अँटिबॉडी मेलानोमाच्या पसरलेल्या गाठींच्या अर्कापासून बनवली होती, रुग्णांच्या लसिकाग्रंथींतून काढलेल्या. तो अर्क उंदराला टोचला, उंदराच्या शरीरानं त्याविरुद्ध अँटिबॉडी केली, आणि तिची कायम वाढत राहणारी पेशी वेगळी केली गेली. म्हणजे बाटलीच्या आतही एक आजारी माणूस होता आणि काचेवर शेजारीही एक. वर्षानुवर्षं थेंब थेंब मोजून वापरलेल्या त्या बाटलीकडे त्यानंतर मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

ही कायम वाढणारी पेशी बनवण्याची युक्ती जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांची, केंब्रिजमधली, १९७५ ची. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तिचं पेटंट घेतलं गेलं नाही, आणि जगभरातल्या प्रयोगशाळांनी ती मोकळेपणानं वापरली. आमच्यासारख्या सरकारी विभागाच्या फ्रिजपर्यंत या बाटल्या आल्या, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे असं मी मानते.

पुढे आलेले मार्कर तर रुग्णांच्या प्रतिकारशक्तीनंच शोधून दिले. मेलान-ए हे प्रथिन १९९४ मध्ये ब्रुसेल्समधल्या आणि अमेरिकेतल्या अशा दोन गटांना स्वतंत्रपणे सापडलं, ते मेलानोमाच्या रुग्णांच्या टी-पेशी नेमकं कशावर हल्ला करतात याचा माग काढताना. १९९७ मध्ये ‘प्रेम’ हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव असलेलं प्रथिन सापडलं, तेही बेल्जियममधल्या संशोधकांना, एका मेलानोमाग्रस्त रुग्णाच्या टी-पेशींकडून. त्या रुग्णाचं शरीर आपल्या गाठीशी लढत होतं, आणि त्या लढाईतून कळलेली ओळख दोन दशकांनी निदानाच्या कामी आली. २०१८ मध्ये न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या पॅथॉलॉजिस्टांनी, म्हणजे सोफी स्पिट्झ यांच्याच संस्थेत, ४०० गाठींवर हा मार्कर लावून पाहिला. कातडीतल्या मूळ मेलानोमांपैकी ८३ टक्क्यांहून अधिक गाठींत केंद्रकं सर्वदूर रंगली. साध्या तिळांपैकी ८६ टक्क्यांहून अधिक पूर्ण कोरे राहिले. तळव्या-टाचेच्या मेलानोमात सर्वदूर रंगण्याचं प्रमाण ९४ टक्क्यांच्या वर होतं, आणि आपल्याकडच्या रुग्णांसाठी मला हा आकडा सगळ्यांत मोलाचा वाटतो. डेस्मोप्लास्टिक नावाच्या प्रकारात मात्र ते जेमतेम ३५ टक्के. काही स्पिट्झ गाठीही रंगतात. म्हणून एका मार्करवर रिपोर्ट लिहायचा नाही. आजही मी आधी फॉर्म वाचते, मग साधा रंग बघते, आणि मग मार्करांना विचारते.

आपल्या कातडीची एक अडचणही सांगते, कारण ती सोडवायला मामांनीच शिकवलं. मेलानिन तपकिरी आणि आयएचसीचा नेहमीचा रंगही तपकिरी. काळ्या कुळकुळीत गाठीत कुठलं काय ते कळत नाही. मामा अशा वेळी लाल रंग देणारं रसायन वापरत, किंवा मेलानिन आधी पोटॅशियम परमँगनेटनं उतरवून घेत. मुलांना मी हे शिकवते तेव्हा कसं करायचं ते सांगते आणि कुणाकडून शिकले तेही सांगते.

मिरजेत माझी लॅब सुरू झाली तेव्हा मला स्वतःचा कंट्रोल हवा होता. टाचेचा मेलानोमा झालेल्या एक मावशी ऑपरेशननंतर पट्टी बदलायला येत. त्यांची मुलगी बरोबर असे. मी दोघींना समोर बसवून सांगितलं की तुमच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आहे, तुमच्या निदानाला लागेल तेवढा राखून उरलेला मी दुसऱ्यांच्या तपासणीसाठी वापरू का. मावशींनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “माझं काय जातंय त्यात? ठिवा की. पर कुणाच्या उपयोगी पडतंय का?” पडतं म्हटलं. “मग घ्या.” अंगठा नको, सही करते म्हणाल्या, आणि सावकाश अक्षर अक्षर काढून सही केली. त्या कागदाची एक प्रत मी त्यांच्या हातात दिली.

‘प्रेम’ची अँटिबॉडी आमच्याकडे आली तेव्हा पहिली काच मावशींच्या ब्लॉकची होती. केंद्रकं एकजात रंगली. अनेक तीळ, अनेक संशयास्पद डाग त्या काचेशेजारी तपासले गेले, आणि बरीच माणसं ‘साधी’ हा शब्द ऐकून घरी गेली.

काही वर्षांनी मावशींच्या जांघेत गाठ आली. सुईनं काढलेला नमुना पुढच्या तपासणीला अपुरा पडला. कॅन्सरच्या डॉक्टरांना केआयटी या जनुकातला बदल पाहायचा होता. टाचेच्या, तळव्याच्या मेलानोमात तो काही जणांत सापडतो, आणि सापडला तर इमॅटिनिबच्या गोळ्या देऊन बघता येतात. मुलगी धापा टाकत आली. “मॅडम, आईचा तुकडा उरलाय का?” उरला होता. शेवटचा थर आम्ही कधी कापला नव्हता. ब्लॉक त्याच दिवशी कुरिअरनं मुंबईला गेला. बदल सापडला. गोळ्या सुरू झाल्या, जांघेतली गाठ काही महिने आटली, आणि त्या दिवाळीत मावशींनी घरात बसून स्वतःच्या हातानं करंज्या केल्या, असं मुलीनं सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मामा तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. मी फोन करून त्यांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “उरलेला आता कापू नकोस. परत त्याच्या नंबरावर ठेव.”

तसंच केलं. आता आमचा कंट्रोल दुसऱ्या एका गृहस्थांचा आहे. त्यांनाही मी समोर बसून विचारलं होतं. ते ठणठणीत आहेत, दर तीन महिन्यांनी तपासणीला मिरजेला येतात, आणि परतीची एसटी पकडायच्या आधी लॅबच्या दारात उभं राहून आमच्या टेक्निशियन मुलीला विचारून जातात, “माझा तुकडा काम करतोय ना गं?”